डोक्यावर बाप्पा, पोटात दिवा

मी कपाट नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पनवेलात मला पाहणाऱ्या निम्म्या लोकांनी माझ्यात गाद्या मावतील का, असं विचारलेलं आहे. एका पाहुण्यांनी तर माझी खालची फळी ओढूनही बघितली होती. मी पियानो आहे. उभ्या बांध्याचा, भिंतीला पाठ लावून राहणारा, अंगाने जाडजूड आणि स्वभावाने जरा तोऱ्यात असणारा. तोरा असणारच. पोटात दोनशेहून जास्त तारा ताणून धरायच्या आणि वर हसतमुख दिसायचं, हे काही कोणाही लाकडी वस्तूला जमत नाही.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका थंड गावात झाला. तिथल्या कारागिरांनी माझं लाकूड वर्षानुवर्षं वाळवलं होतं. मेंढीच्या लोकरीच्या नमद्याने माझ्या हातोड्या मढवल्या, बिडाची चौकट बसवली, तारा ओढल्या आणि पहिला सूर उमटला तेव्हा एक म्हातारा कारागीर डोळे मिटून नुसता मान हलवत राहिला. ती मान मला अजून आठवते. त्यानंतर मी बोटीतून मुंबईला आलो आणि एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात जाऊन पडलो. त्या घरात मला वाजवणारं कोणी नव्हतं. माझ्यावर फोटोंच्या चौकटी होत्या, फुलदाणी होती आणि एक चिनी मातीचं मांजर होतं. त्या मांजराबरोबर मी कितीतरी वर्षं काढली. तेही कधी बोललं नाही आणि मीही.

मला बोलतं केलं ते रिबेकाबाईंनी.

रिबेका किहीमकर या पनवेलच्या. त्यांचं घराणं बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत राहिलेलं यहुदी कुटुंब. मुंबईच्या एका शाळेत त्या संगीत शिकवायच्या. डॉक्टरांचं घर आवरलं तेव्हा त्यांनी मला मागून घेतलं आणि ट्रकवर चढवून थेट जुन्या पनवेलात, बाजारामागच्या आपल्या घरी आणलं. आल्याबरोबर त्यांनी माझं झाकण उघडलं, पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "काय रे, घसा बसलाय की काय तुझा?"

बसलाच होता. पनवेलची हवा म्हणजे खाडीची हवा. पावसाळ्यात माझ्या पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटायच्या, गर्दीत बाकावर बसलेल्या बायकांसारख्या. त्यावर बाईंनी एक उपाय केला. माझी खालची फळी काढून पोटात विजेचा एक बारका दिवा लावून ठेवला. पावसाळाभर तो पेटता असे. त्या उबेने माझं अंग कोरडं राहायचं. लोकांच्या पोटात दुखतं, जळतं. माझ्या पोटात दिवा आहे.

बाईंच्या घरी माझे दिवस फार मजेत गेले. संध्याकाळी गावातली मुलं यायची, जीभ बाहेर काढून एकेक बोट दाबायची, चुकली की माझ्याकडेच रागाने बघायची. ती गेली की बाई स्वतः बसत. आधी बाख वाजवत. बाखचं संगीत म्हणजे समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांतून दोन शेजारणी एकाच वेळी बोलताहेत, दोघींचं म्हणणं वेगळं आहे, तरी भांडण होत नाही, उलट गोष्ट पुढे सरकते आहे. मग शोपँ. त्यात उसासे फार, पण गोड. आणि शेवटी, दार लोटून घेऊन, जॅझ. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतले बँड ऐकून त्यांना त्याचं वेड लागलं होतं. ड्यूक एलिंग्टनची एखादी धून लागली की शाळामास्तरीण बाईंचे खांदे हलायला लागायचे आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

शनिवारी मात्र मला सुट्टी. शनिवार हा बाईंचा शब्बाथ. त्या दिवशी काम नाही, चूल नाही, वाद्य नाही. मी म्हणायचो, चला, एक दिवस पाठ टेकू. पण गंमत अशी की शनिवारीही बाई माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या. स्वरलिपीची पानं मांडीवर, बोटं पदरात गुंडाळलेली, आणि डोळे पानावरून फिरताहेत. माझा एक सूरही वाजत नसे. तरी मला कळायचं की आत्ता बाई कुठल्या ओळीवर आहेत.

याच घरी एक दिवस आभा आली. नवीन पनवेलच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुमार आणि रमा देवस्थळींची ती एकुलती मुलगी. कुमारराव फोर्टात विमा कंपनीत नोकरीला. शिस्तीचे, घड्याळाच्या काट्यावर जेवणारे. आभाने पेटी शिकावी अशी त्यांची इच्छा होती, पण पोरीने बाईंच्या खिडकीतून माझा आवाज ऐकला आणि पेटीचं नाव काढेना. ती शाळकरी होती तेव्हा आली आणि कॉलेज संपलं तरी येतच राहिली. तिची बोटं लांब होती, कान तल्लख होता आणि डोकं वडिलांचं होतं. म्हणजे एकदा सांगितलेलं कधी चुकायचं नाही.

तीच तर अडचण होती.

ती बाख वाजवायची तर बाईंसारखा. शोपँ वाजवायची तर बाई जिथे श्वास घेत तिथेच श्वास घेऊन. मला तर नुसत्या स्पर्शावरून कोण वाजवतंय ते ओळखू यायचं नाही. बाई कधी खूश व्हायच्या, कधी कपाळाला आठ्या घालायच्या.

"अगं, कागदावर सूर आहेत. अर्थ कुठे लिहिलाय?" त्या म्हणायच्या. "बंदिश एकच असते, पण दोन गवई ती सारखी गातात का? मग तू का माझी नक्कल करतेस?"

"पण बाई, तुमचं बरोबरच असतं ना," आभा म्हणायची.

"माझं माझ्यासाठी बरोबर आहे!"

आणि जॅझची तर बातच नको. कागदावर दोन सूर सारख्या लांबीचे लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला जरा रेंगाळतो आणि दुसरा त्याच्या मागून निवांत येतो. ताल पक्का चाललेला असतो आणि सूर त्याला रेलून बसतात. आभाच्या हातात ते दोन सूर एकमेकांच्या मागे डावा-उजवा करत जायचे. पंधरा ऑगस्टची कवायत. मला तर सावधान उभं राहावंसं वाटायचं.

एक्क्याण्णव साल उजाडलं आणि बाईंनी ठरवलं की आता इस्राएलला, मुलीकडे जाऊन राहायचं. गुडघे दुखत होते, घर रिकामं झालं होतं. सामान वाटायला काढलं तेव्हा माझं काय होणार या काळजीने माझ्या तारा उतरल्या. पुन्हा एखादं चिनी मातीचं मांजर डोक्यावर येतं की काय! पण बाईंनी आभाला बोलावलं आणि म्हणाल्या, "हा तुझ्याकडे येणार. सप्टेंबरात तुझी डिप्लोमाची परीक्षा आहे, ती झाली की चार दिवसांनी माझं विमान. मला दुसरं काही नको. जायच्या आधी एकदा, अगदी एकदाच, मला तुझं वाजवणं ऐकव. माझं नाही, तुझं."

आभा हो म्हणाली, पण तिचा चेहरा एवढासा झाला. परीक्षेची तिला भीती नव्हती. जे कागदात नाही आणि बाईंकडेही मागता येत नाही ते आणायचं कुठून, हे तिला कळत नव्हतं. ते तिला मिळालं नाही तर बाई रिकाम्या कानांनी जाणार होत्या. त्या दिवसापासून हीच एक काळजी आम्हा दोघांच्या मानगुटीवर बसली.

मला न्यायला बळीराम आला. बेलपाड्याचा, स्वतःचा टेम्पो होता त्याचा. बरोबर त्याचे तीन गडी. चौघांनी मला उचलायला हात घातले आणि पुन्हा खाली सोडले.

"बाय, या कपाटान काय भरलाय?" बळीरामने विचारलं. "पयला रिकामा करा, मंग उचलू."

"अहो, ते कपाट नाही, पियानो आहे. त्यात काही नाही," आभा म्हणाली.

"काय नाय त एवरा जड कसा हाय?"

दुसरा मजला चढेपर्यंत त्याने मला आणि माझ्या पूर्वजांना काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही. पण वर पोचल्यावर आभाने माझं झाकण उघडून एक छोटीशी धून वाजवली आणि बळीराम घाम पुसत थांबला. "आयला, बोलतो की यो," तो म्हणाला आणि जाताना माझ्या कडेवर हलकीशी थाप मारून गेला.

देवस्थळ्यांचा हॉल छोटा. मी आलो आणि भिंतीजवळचं मोठं टेबल आत स्वयंपाकघरात गेलं. पुढे जे रामायण घडलं ते सगळं त्या टेबलामुळे. कारण दरवर्षी त्याच टेबलावर गणपती बसायचा. पाच दिवसांचा. त्या वर्षी भाद्रपद आला आणि परीक्षा नेमकी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी.

"टेबल तर आता हॉलमध्ये मावत नाही, मग बाप्पाला बसवायचं कुठे?" रमाताईंनी विचारलं.

कुमाररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझी उंची बघितली, माझा सपाट माथा बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. "हे काय, आयतं आसन!"

सगळ्यांना कल्पना एकदम पसंत. आभालासुद्धा. वर बाप्पा, खाली मी वाजवेन, बाप्पासमोरच तालीम होईल, असं ती म्हणाली. कुमाररावांनी थर्माकोलचं देऊळ कापलं, खांबांना सोनेरी कागद लावले, माझ्या अंगावर लाल साटीनचं कापड सोडलं. भटजी आले, प्राणप्रतिष्ठा झाली. एकदा प्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पियानो वाजला की त्याचं अंग थरथरतं, हे मात्र त्या घरात माझ्याशिवाय कोणाच्याच लक्षात नव्हतं. आणि मला तर कोणी विचारलंच नव्हतं.

दुपारी प्रसादाची पानं उठल्यावर आभा आनंदाने बसली आणि दोन्ही हातांनी एक भरघोस स्वरसमूह दाबला. मी नेहमीसारखा घुमलो. वर थर्माकोलचे खांब डुलले, छत्री हलली आणि बाप्पाच्या मुकुटावरचं जास्वंदीचं फूल टपकन खाली, पट्ट्यांवर येऊन पडलं.

कुमारराव हातातलं काम टाकून धावले.

"कौल दिला," कुमारराव म्हणाले. ते मूळचे कोकणातले, तिकडे देवाच्या अंगावरचं फूल कुठल्या बाजूला पडतं यावर होकार-नकार ठरतो; उजवं म्हणजे होकार, डावं म्हणजे नकार. "उजवीकडे पडलं की डावीकडे?"

"उजवीकडे," आभा घाईने म्हणाली.

"आपल्या उजवीकडे. म्हणजे बाप्पाच्या डावीकडे," रमाताई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली, पण बोलून गेलं ते गेलं.

"नाहीच वाजवायचं," कुमाररावांनी ठरवलं. "कौल राहू दे बाजूला. शाडूची मूर्ती आहे, खालून हादरे बसून तडा गेला तर? हलवायची नाही आणि हादरवायचीही नाही." त्यांनी माझं झाकण लावलं, त्यावर पितळी समई ठेवली, शेजारी फळांचं ताट ठेवलं आणि मी पाच दिवसांसाठी मुका झालो.

आभा गॅलरीत जाऊन रडली. पनवेलात दुसरा पियानो तिला ठाऊक नव्हता आणि सणाच्या घरातून रोज मुंबई गाठणं शक्य नव्हतं. खरं सांगतो, मलाही रडू येत होतं. साक्षात गणपती डोक्यावर बसलेला असताना रडणं शोभत नाही म्हणून मी आवरलं. वर झाकणावर समईचं तेल ओघळून माझं पॉलिश खराब होत होतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी रिबेकाबाई आल्या. दरवर्षी यायच्या. देवाला हात त्या जोडत नसत, पण रमाताईंच्या उकडीच्या मोदकाला कधी नाही म्हणत नसत. दारातून त्यांनी मला पाहिलं, माझ्या डोक्यावरचं देऊळ पाहिलं, झाकणावरची समई पाहिली, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, हसताय काय?" आभा कळवळून म्हणाली. "पाच दिवस हात लावायचा नाही. मी नापास होणार."

"देवाच्या दिवशी वाद्य बंद ठेवायचं, हे मला नको सांगूस. मी जन्मभर शनिवार पाळलाय." बाईंनी मोदकावर तूप घेतलं. "शनिवारी मी काय करायचे गं?"

"नुसत्या बसायच्या, पानं घेऊन."

"नुसती नव्हते बसत. मनात वाजवायचे. बोटं मोकळी असली की ती आपल्या सवयीने पळतात, कानाला विचारत नाहीत. शनिवारी बोटं बांधलेली, मग कानाला काम करावं लागतं. तुला तर एकदम पाच शनिवार मिळालेत. गा सगळं. तोंडाने गा. मोदक वळताना गा, भांडी विसळताना गा. बोटांना कळू देऊ नकोस."

आणि आभा गायला लागली. पहिल्या दिवशी लाजत, दारामागे. मग उघड उघड. नारळ खवताना बाखची वरची ओळ ती म्हणायची आणि खालची ओळ कोणी म्हणावी म्हणून रमाताईंना पकडायची. रमाताई बिचाऱ्या सारणात वेलची घालत "ला ला" करत राहायच्या आणि भलतीकडेच पोचायच्या. शोपँची एक जागा आभा रोज वेगळी म्हणून बघत होती. कधी लांबवून, कधी तोडून, कधी अगदी हलकी. बाईंचा श्वास तिला आठवत होता, पण तिचा गळा बाईंचा नव्हता, त्यामुळे ती तिच्या जागी श्वास घ्यायला लागली. मी समईखालून ऐकत होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही मुलगी कोण?

राहिला जॅझ. तो मात्र तोंडानेही कवायतच करत होता.

आता इथल्या आरतीबद्दल सांगतो. देवस्थळ्यांकडे आरती म्हणजे कुमाररावांची घंटा आणि रमाताईंची झांज. कुमारराव घंटा अशी वाजवतात की घड्याळ लावून घ्यावं. रमाताई मात्र झांज वाजवतात त्यांच्या मनाने. घंटा पडली की एक कणभर थांबून, सावकाश, जणू "येते हं" म्हणून त्यांची झांज येते. लग्न झाल्यापासून कुमारराव आरतीच्या मधेच त्यांना टोकत आले आहेत. "रमा, झांज मागे पडतेय!" आणि रमाताई मान हलवतात आणि पुढच्या कडव्यात झांज पुन्हा मागेच पडते.

माझं झाकण बंद होतं, पण माझ्या सगळ्यात वरच्या, बारीक तारा कायम मोकळ्या असतात. त्यांना कोणी दाबून धरत नाही. रमाताईंची झांज वाजली की त्या आपोआप झिणझिणायच्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी आरती रंगात आली होती, शेजारीपाजारी टाळ्या वाजवत होते, आणि घंटा-झांज, घंटा-झांज ऐकता ऐकता माझ्या तारांना एकदम ओळख पटली. ही चाल तर मी बाजारामागच्या घरात दार लोटून ऐकलेली आहे! बाईंचे खांदे हलायचे ते याच्यावर!

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण त्याची गरज पडली नाही. आभा कापूर लावायचं विसरून आईच्या हातांकडे बघत उभी होती.

"रमा, झांज मागे पडतेय!" कुमारराव नेहमीप्रमाणे म्हणाले.

"बाबा, तिला काही बोलू नका!" आभा ओरडली. "आई, थांबू नकोस! अशीच मागे ठेव, अशीच!"

शेजाऱ्यांना वाटलं मुलीवर परीक्षेचा ताण आला आहे. रमाताई घाबरून आणखीच मागे पडल्या. आणि आभा भर आरतीत घंटेवर पायाने ठेका धरून आणि झांजेवर मान डोलवून एलिंग्टनची धून गुणगुणत होती. गणपतीने ती नक्की ऐकली. तो माझ्या डोक्यावर होता, मला त्याचं वजन एकदम हलकं लागलं.

पाचवा दिवस. उत्तरपूजा झाली, कुमाररावांनी मूर्ती हळूच जागची हलवली आणि मग उचलून दाराजवळ पाटावर ठेवली, घराकडे तोंड करून, निघण्याआधी सगळं घर एकदा डोळे भरून बघून घ्यावं म्हणून. खाली गाढी नदीवर न्यायला बळीरामचा टेम्पो उभा होता. रिबेकाबाई निरोपाला आल्या होत्या, बाप्पाच्याही आणि सगळ्यांच्याही. सगळे आता "मोरया" म्हणणार इतक्यात कुमाररावांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी माझ्या झाकणावरची समई उचलली, फळांचं ताट उचललं, आपल्या रुमालाने तेल पुसलं. "पाच दिवस बाप्पा इथे बसला आणि पोरीचं काही न ऐकता जाणार? हे बरं दिसत नाही. आभा, बस."

आभा बसली. माझ्या जिवात जीव आला म्हणण्यापेक्षा माझ्या प्रत्येक तारेत जीव आला म्हणा.

बाख तिने असा वाजवला की दोन्ही शेजारणी एकमेकींवर खूश. शोपँच्या त्या एका जागी तिने श्वास घेतला, तिचा स्वतःचा, आणि बाईंनी चमकून वर पाहिलं. मग ती क्षणभर थांबली, रमाताईंकडे बघून हसली आणि जॅझची धून धरली. डावा हात चालायला लागला, पक्का, न चुकणारा, फोर्टातल्या ऑफिसला निघालेला. आणि उजवा हात त्याच्या मागून, कणभर रेंगाळत, "येते हं" म्हणत, निवांत रेलून. मी अनेक हात पाहिले आहेत. एका मुलीच्या दोन हातांत तिचे आई-वडील एकत्र आरती करताहेत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी घुमलो, दुमदुमलो, इतका आनंद मला जन्मल्या दिवशीही झाला नसेल.

रमाताईंच्या हातात झांज तशीच होती. त्यांनी ती नकळत वाजवायला सुरुवात केली. अर्थात, मागे. कुमाररावांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं. मग हळूच घंटा हातात घेतली.

बळीराम उशीर का होतोय ते बघायला वर आला होता. कुमारराव ओशाळून म्हणाले, "निघतोच हं."

"वाजवू द्या तायला," बळीराम उंबऱ्याजवळ बसत म्हणाला. "बाप्पाला घाय नाय, मना बी नाय."

धून संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या उठल्या, रमाताईंच्या हातातली झांज घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली. मग आभाजवळ गेल्या.

"हे मी शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला तो म्हातारा कारागीर आठवला. आभाने त्यांना मिठी मारली आणि दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मग एकदाचा मोरया झाला.

परीक्षा दुसऱ्या दिवशी मुंबईत, परक्या पियानोवर. तो म्हणे लांबलचक, काळा, चकचकीत होता. असेल. मला त्याच्याबद्दल बोलायचं नाही. वाजवून झाल्यावर परीक्षकांनी आभाला विचारलं, ही जॅझची चाल तुम्ही कुठे अभ्यासलीत? कोणत्या रेकॉर्ड ऐकल्यात? आभाने सांगितलं, "डावा हात बाबांच्या घंटेवर आणि उजवा आईच्या झांजेवर बसवलाय." परीक्षक गोंधळले असणार. पण उत्तीर्ण केलं, तेही शाबासकी देऊन.

जाण्याआधी रिबेकाबाईंनी घरी मलिदा केला. गोड पोह्यांत ओलं खोबरं आणि फळं घालून त्यांच्याकडे देवाचे आभार मानतात, तो. तो खाऊन आभा परत आली तेव्हा तिच्या बोटांना खोबऱ्याचा वास होता, आणि त्याच बोटांनी ती माझ्यावर उशिरापर्यंत बाईंचे जुने तुकडे वाजवत राहिली. एकही बाईंसारखा नाही. बाई ऐकायला नव्हत्या, पण मला खात्री आहे, त्यांनी ते मनात वाजवलं असेल.

आता मी म्हातारा झालोय. पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, एक-दोन सूर कुरकुरतात, पोटातला दिवा मात्र पावसाळाभर पेटतो. माझ्या झाकणावर समईच्या तेलाचा एक गोल डाग आहे. पॉलिशवाला दरवेळी तो घालवू का म्हणून विचारतो आणि आभा दरवेळी नको म्हणते. संध्याकाळी सेक्टरमधली मुलं येतात, जीभ बाहेर काढून बोटं दाबतात. चुकली की आभा सांगते, "आधी गाऊन दाखव." गणपती आता एका छोट्या टेबलावर बसतो, माझ्यासमोर. पहिल्या दिवशी कुमारराव एक जास्वंदीचं फूल माझ्या डोक्यावरही ठेवतात.

माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. तुमच्या घरात, शेजारात, कुठे एखादा पियानो, पेटी, तंबोरा गप्प पडून असेल तर जाता येता त्याला एकदा हात लावा. त्याच्यावर फुलदाणी ठेवू नका. चिनी मातीचं मांजर तर मुळीच नको.

आणि कधी गणपतीत नवीन पनवेलला आलात तर संध्याकाळी आमच्याकडे आरतीला या. कुमाररावांची घंटा आजही घड्याळासारखी पडते. रमाताईंची झांज आजही मागे येते. आता तिला कोणी टोकत नाही. मी वाट बघत असतो तिची.